लाईन आली

आमची संघप्रिया एकदा मला म्हणाली, "मम्मी, तुझं सगळं इंग्रजी एकाच शब्दावर चाललंय."

मी म्हटलं, "कुठल्या गं?"

"लाईन. सकाळपासून किती वेळा म्हणालीस, ऐक." आणि माझी नक्कलच करून दाखवली. "आज पाण्याची लाईन लवकर आली, मग मी रेशनच्या लाईनीत उभी राहिले, तिथं पुढच्या लाईनीतली ममता भेटली, तिचा पोरगा आता लाईनीवर आलाय, त्याला कॉम्प्युटरच्या लाईनला घातलंय, एवढं बोलतोय तोवर मामाचा फोन आला, पण लाईनच कट झाली!"

आम्ही हसलो. तिचे पप्पासुद्धा हसले, आणि ते सहसा हसत नाहीत. संघप्रिया इंग्रजी शाळेत शिकली, आता एका वकिलाच्या ऑफिसात बसते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली, दहावी मराठीतून. शाळेत लाईन म्हणजे दोन रेघांची वही, आणि प्रार्थनेला हात पुढं करून धरायचं अंतर. संघप्रिया म्हणते, तिच्या इंग्रजी डिक्शनरीत या एका शब्दाला दीड पान आहे. असेल. पण त्या दिवशी तिने माझ्या सगळ्या लाईनी सांगितल्या आणि एक तेवढी सोडली. मुद्दाम सोडली असणार. कारण ती लाईन आमच्या घरात हसण्यावारी नेत नाहीत.

आमचे हे लाईनमन आहेत. नाव सहादेव पाईकराव. मूळ हिंगोलीकडचे. इथं वीज कंपनीत लागून बावीस वर्षं झाली. माझं लग्न ठरत होतं तेव्हा वडील घरी येऊन म्हणाले, "मुलगा मुंबईकडं लाईनीवर असतो." आईने चुलीपुढून विचारलं, "म्हंजे रूळ तपासायला?" वडील म्हणाले, "अगं, करंटची लाईन." आईने तव्यावरची भाकरी उलटली. मग हळूच म्हणाली, "त्यापेक्षा रूळ बरे होते की." मी दाराआड उभी होते. आईचं ते वाक्य मी माझ्याबरोबर सासरी घेऊन आले.

भाईंदरला आलो तेव्हा खोली मिळेना. फोनवर खोली रिकामी असायची, आडनाव सांगितलं की दुसऱ्या दिवशी भाड्याने गेलेली असायची. राई गावात मनोरमाकाकींच्या घरामागं आठ खोल्यांची एक लाईन आहे, तिथं आम्ही शेवटी विचारायला गेलो. काकी ओटीवर सुकट निवडत बसल्या होत्या. त्यांनी आडनाव विचारलंच नाही. विचारलं, "काय काम करतं?"

हे म्हणाले, "लाईनमन आहे."

"मंग ऱ्हा की. आमचे गावची लाईन सारखी जाते."

तेव्हापासून एकोणीस वर्षं आम्ही तिथंच आहोत. गावात नव्या बिल्डिंगा उठल्या, त्यांच्या वायरी जमिनीखालून गेल्या. जुन्या आळीत मात्र अजून खांबच आहेत, आणि तारा घरांवरून जातात.

यांच्याबद्दल खरं सांगायचं तर हे भित्रे आहेत. मी बायको असून लिहिते, कारण सगळ्या कंपनीला ते माहीत आहे. घरातलं बटण दाबतानासुद्धा आधी बोटाची पालथी बाजू लावून बघतात. हातात अंगठी नाही, गळ्यात साखळी नाही, घड्याळ कामावर जाताना काढून ठेवतात. ओल्या हाताने मी इस्त्रीला हात लावला तर घर डोक्यावर घेतात. आणि खांबाखाली गेले की यांचं सुरू. आधी पिलरवर जायचं, म्हणजे रस्त्याकडेला विजेची लोखंडी पेटी असते तिथं. लाईन बंद करायची. फ्यूज उपसून काढायचे आणि स्वतःच्या पँटच्या खिशात घालायचे. पिलरपाशी यांचे मदतनीस काशीनाथभाऊ, त्यांना बसवायचं, कोणी हात लावू नये म्हणून. मग वर चढायचं, टेस्टर लावून बघायचं. मग तांब्याची एक साखळी असते, तिचे आकडे सगळ्या तारांना अडकवून दुसरं टोक खाली जमिनीत द्यायचं, म्हणजे चुकून करंट आलाच तर तो अंगात न जाता जमिनीत जातो. एवढं झाल्यावर हातमोजे काढायचे आणि काम सुरू करायचं.

साहेब यांना म्हणायचे, "पाईकराव, तू खांबावर चढतोयस का लग्न लावतोयस? केवढे विधी!" बाकीचे पाठीमागं फट्टू म्हणायचे. मलाही कधीकधी लाज वाटायची. दुसऱ्यांचे नवरे तासात तीन कामं उरकून येतात, यांचं एकच.

पण हे आधी असे नव्हते. बबनभाऊंचं झालं तेव्हापासून झाले. बबन म्हणून यांचा जोडीदार होता, पाली गावचा, गाणी म्हणत चढणारा. शेजारच्या मुर्धा गावात एका खांबावर काम करत होता. लाईन बंद होती, फ्यूज खिशात होते. तरी तारेत करंट आला. पलीकडच्या एका दुकानाने जनरेटर लावला होता, आणि लावताना मेन स्विच पाडला नव्हता. दुकानातला करंट मीटरातून उलटा बाहेर तारेवर आला. बबनभाऊ जगले, पण उजवा हात कोपरापासून गेला.

त्या दिवशी हे घरी आले ते जेवले नाहीत. मी पाणी दिलं तर ग्लास दोन्ही हातांनी धरला. म्हणाले, "वैजयंता, लाईन पुढूनच येते असं आपण धरून चालतो. तारेला पुढचं-मागचं कळत नाही गं."

तेव्हापासून यांची साखळी सुटली नाही, आणि तेव्हापासून माझं उलटंच झालं. लाईट गेली की लोक वैतागतात, मला शांत वाटतं. लाईट आली की आळीतली सगळी पोरं एकदम ओरडतात, "लाईन आली!" आणि माझा हात कामावरून थांबतो. हे घरात समोर बसलेले असले तरी थांबतो. कुठंतरी कोणीतरी वर असेल, असं वाटतं. मी मनात त्रिसरण म्हणते. मोठ्याने नाही. पोरांना वाटेल वैजयंताकाकीला काय झालं.

आता त्या दिवसाचं सांगते. गेल्या बुद्धपौर्णिमेचं.

पौर्णिमा म्हणून आदल्या दिवशी मी घर झाडून पुसून काढलं. यांची कामाची पिशवी जाड कापडाची, इतकी मळली होती की उभी राहत होती. यांना दुसऱ्या दिवशी सुट्टी. म्हटलं, धुऊन टाकू. सगळी हत्यारं पेपरवर काढून ठेवली. पिशवी धुतली, वाळली, हत्यारं परत घातली. साखळी तेवढी काळीकुट्ट होती, ती मी घासली आणि खिडकीच्या ग्रिलला अडकवून ठेवली वाळायला. आणि विसरले.

पौर्णिमेला सकाळी आम्ही विहारात जाऊन आलो. खीर केली. मी पांढरी साडी नेसले होते. पुढं मनोरमाकाकींच्या घरी निकेतची हळद होती, त्यांचा धाकटा. दारात मोठा मांडव, डीजे, दोन दिवसांपासून नुसती धामधूम. आम्हाला सगळ्यांना जेवायचं आवतण होतं.

दुपारी दीडच्या सुमारास आळीची लाईट गेली. मे महिना, मांडवात दोनशे माणूस, पंखे बंद. कंपनीत फोन केला तर म्हणाले, मोठा फॉल्ट दुसरीकडे आहे, गाडीला संध्याकाळ होईल. तीन वाजता काकी स्वतः आमच्या दारात आल्या. नव्या साडीत, घामाने निथळत.

"सहादेव, तुझी सुट्टी हाय, मना ठाव हाय. पन पोराची हळद हाय रे बाबा. तूच बघ काय ता."

यांनी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. ऑफिसला फोन करून परवानगी घेतली, काम आपल्या नावावर लिहून घेतलं, काशीनाथभाऊंना बोलावलं. शर्ट बदलला आणि दाराशी ठेवलेली पिशवी खांद्याला लावून निघाले. मी म्हटलं, "सावकाश." हे म्हणाले, "खालचा खांब आहे, तळ्यापाशी. तारा जोडणारा जंपर जळला असेल. तासाभरात येतो."

मी खिरीचं भांडं झाकत होते तेव्हा फोन वाजला. स्क्रीनवर यांचं नाव. हे वर असताना कधी फोन करत नाहीत. लग्न झाल्यापासून केला नव्हता. मी फोन कानाला लावायच्या आधीच घाबरले.

"अगं, पिशवीत साखळी नाहीये."

मी खिडकीकडे बघितलं. ग्रिलवर साखळी लटकत होती. घासून चकचकीत.

"माझ्याकडून राहिली हो. मी आणते. तुम्ही कुठं आहात?"

"वर. बेल्ट बांधून बसलोय. पिशवी दोरीने वर घेतली तेव्हा कळलं." मागं लोकांचा गलका ऐकू येत होता. कोणीतरी खालून ओरडत होतं, "अहो, फ्यूज खिशात हायत ना? मंग साखली काय सोन्याची लागते काय!" हे मला म्हणाले, "लवकर ये. लोक थांबू देत नाहीयेत."

"तुम्ही हात लावू नका."

तोवर पलीकडून फोन ठेवला होता.

मी साखळी ओढून काढली. ग्रिलच्या खिळ्यात अडकली होती, हाताला लागलं. चपला घातल्या की नाही आठवत नाही. आमच्या खोलीपासून तळ्यापर्यंत चालत पाच-सात मिनिटं, आणि वाट काकींच्या मांडवावरूनच जाते. मी पळत होते. साखळी जड, खांद्यावर टाकली तर घसरायची, म्हणून पोटाशी कवटाळली होती. मनात एकच चाललं होतं. हे लोकांच्या शब्दाबाहेर जात नाहीत, त्यात काकींचं काम. हे एकदा तरी म्हणतील, जाऊ दे, आज बिनसाखळीचं करू. बबनभाऊंचं झाल्यापासून पहिल्यांदा.

मी मांडवाच्या मागच्या गल्लीत पोहोचले आणि पोरं ओरडली.

"लाईन आलीऽऽ!"

माझे पाय जागीच थांबले. आळीतल्या घरांमधले दिवे लागले होते. पण नीट नाही. लालसर, मेल्यासारखे. समोरच्या खोलीतला पंखा एकेक पातं मोजता येईल इतका हळू फिरत होता.

फ्यूज यांच्या खिशात. पिलरपाशी काशीनाथभाऊ. पुढून लाईन यायला वाटच नव्हती. मांडवाच्या मागं डीजेसाठी आणलेला निळ्या रंगाचा जनरेटर होता, तो दम लागलेल्या म्हशीसारखा घरघरत होता, आणि त्याच्यातून निघालेली काळी वायर काकींच्या घराच्या खिडकीतून आत गेली होती. कळायला एवढंच पुरे होतं. पाहुण्यांना उकडतंय, घरातलेही पंखे लागू देत, म्हणून मंडपवाल्याने जनरेटर घराच्या बोर्डाला जोडला होता. आणि मेन पाडला नव्हता. बबनभाऊंसारखंच.

तळ्याकडे जायला अजून तीन मिनिटं होती. यांचा खांब तिथून दिसत नव्हता, मांडवाचं कापड मध्ये. सगळा जीव म्हणत होता, तिकडं पळ. पण तिकडं जाऊन मी काय करणार होते? मी मांडवात शिरले.

आत हळद चालू होती. निकेत पाटावर, अंगभर पिवळा. बायका गाणी म्हणत होत्या, डीजेचा ठोका वेगळाच. एका मावशीने माझा दंड धरला. "ये गो वैजू, लाव हळद!" आणि हाताने माझ्या गालाला, पांढऱ्या साडीला हळद फासली. मी काहीतरी ओरडले. तिला वाटलं मी लाजतेय. ती आणखी हसली.

काकींच्या ओटीवर मीटरशेजारी मेन स्विच आहे. मला माहीत होता, एकोणीस वर्षं बघितला होता. पण ओटीच्या त्या भिंतीवर मांडवाचं गुलाबी कापड ताणून टाचण्या मारल्या होत्या. साखळी पायाशी टाकून मी कापड दोन्ही हातांनी फाडलं. मागं लोखंडी पेटी, तिला बाजूने दांडा. यांनी मला घरात सांगून ठेवलं होतं, दांडा धरायचा तर कोरड्या हाताने आणि एका झटक्यात. माझे हात घामाने आणि हळदीने ओले. पदराला पुसले. तरी वाटलं, आपणच चिकटणार. डोळे मिटले आणि दांडा खाली ओढला.

खाडकन आवाज झाला. घरातले पंखे चालूच राहिले, मांडवातला डीजेही. तेव्हा लक्षात आलं, आता जनरेटरचा करंट घरातच फिरतोय, बाहेर जात नाही. बाहेर गल्लीत पोरं निराश होऊन ओरडली, "गेलीऽऽ!" ते 'गेली' मी कानात साठवून ठेवावं असं मला वाटलं.

पण मला एवढ्यावर भरवसा नव्हता. मी ओरडले, "जनरेटर बंद करा! माझा माणूस खांबावर आहे!"

कोणाला ऐकू जातंय? शेवटी निकेतनेच बघितलं. पाटावरून तसाच उठला, हळदीचा, आणि डीजेवाल्याला हात केला. डीजे, मग जनरेटर, पंखे, सगळं थांबलं. इतकं शांत झालं की बायकांच्या बांगड्या ऐकू यायला लागल्या.

मंडपवाला धावत आला. "भाभी, क्या कर रहे हो? पूरा कपडा फाड दिया!"

मी म्हटलं, "मेन नहीं गिराया तुमने. उपर आदमी है."

"अरे, लाईन तो बंद है ना बाहर की. हमने अपना चलाया."

नवरदेवाचा मामा आला, दांडग्या अंगाचा. "ए बाई, हळदीच्या घरात बोंबा कशाला मारते? सरक तिकडं. गरमीने माणसं मरायला लागलीत." आणि त्याने दांड्याकडे हात नेला.

मी साखळी उचलली आणि पेटीला पाठ लावून उभी राहिले. आयुष्यात मी परक्या पुरुषाच्या अंगावर कधी आवाज चढवला नव्हता. म्हटलं, "हात लावून बघा."

तो मागं सरकला. माझ्या हातात साखळी होती म्हणून असेल.

आणि तेव्हा मला कळलं की मी अडकले आहे. हे जिवंत आहेत की नाहीत, मला माहीत नव्हतं. जायचं तर इथून हलायला हवं होतं, आणि मी हलले की कोणीतरी दांडा वर करणार. साखळी माझ्याजवळ, ती यांच्याजवळ पोहोचायला हवी. यांना फोन लावला. रिंग गेली, गेली, गेली. उचलला नाही. परत लावला. नाही उचलला. मी पेटीला टेकून खाली बसले, पण जागा सोडली नाही.

मनोरमाकाकी गर्दीतून पुढं आल्या. त्यांना काय कळलं असेल, किती कळलं असेल, कोण जाणे. माझ्या तोंडाकडे बघितलं फक्त. म्हणाल्या, "वैजू, यी साखली त्याला पायजे काय?"

मी मान हलवली.

त्यांनी साखळी माझ्या हातातून घेतली. मामा म्हणाला, "अक्का, तू नवऱ्याची आई, हळद टाकून कुठं निघालीस? दुसऱ्या कोणाला पाठव."

काकी म्हणाल्या, "तू गप ऱ्हा. मीच हाडलाय त्याला सुट्टीचा." हाडलाय म्हणजे आणलाय. नवी साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि अनवाणी निघाल्या. त्यांचं वय त्रेसष्ट.

मी तिथंच बसले. दोनशे माणसं माझ्याकडे बघत होती. कोणी कुजबुजत होतं, कोणी वारा घेत होतं. त्या मावशीने, जिने मला हळद लावली होती, पाणी आणून दिलं. माझ्या हातात धरवेना, तिनेच पाजलं. म्हणाली, "काय न्हाय व्हायचा गो." मी त्रिसरण म्हणायला घेतलं तर दुसऱ्या ओळीला अडखळले. लहानपणापासून पाठ असलेलं. परत पहिल्यापासून घेतलं. परत अडखळले. डोळ्यांपुढं बबनभाऊंची शर्टाची रिकामी बाही येत होती. पिशवी मीच धुतली होती. कोणी सांगितलं होतं मला धुवायला?

किती वेळ गेला सांगता येत नाही. निकेत माझ्या शेजारी जमिनीवर बसून होता, त्याच्या अंगावरची हळद सुकून भेगा पडल्या होत्या. तो मधूनमधून म्हणत होता, "काकी, आई येईल आता."

आणि काकी आल्या. मांडवाच्या दारातूनच त्यांनी हात वर केला.

"हाय! बसलाय वर. खांबाला मिठी मारून बसलाय, पोरासारखा."

मी रडले. बसल्या जागी, सगळ्यांसमोर, मोठ्याने रडले. काकी माझ्याजवळ येऊन टेकल्या, धापा टाकत. "फोन खाली पडलाय त्याचा, फुटलाय. साखली दोरीला बांधली, वर घेतली त्याने. माझ्या डोळ्यांदेखत तारांना अडकवलीन. आता काम करतंय."

"काम करतायत?"

"करतंय. मी म्हटला, उतर रे, ऱ्हाव दे. न्हाय म्हणाला. काकी, लाईन अर्धी सोडता येत न्हाय."

म्हणजे हे परत तारेला हात लावत होते. म्हणजे मला अजून उठता येत नव्हतं. निकेतने मंडपवाल्याला सांगून जनरेटरची वायर काढायला लावली, माझ्यासमोर काढली, गुंडाळून माझ्या पायाशी ठेवली. तरीही मी उठले नाही. काकींनी बायकांना सांगितलं, गाणी म्हणा. बायकांनी डीजेशिवायच गाणी धरली, घाम पुसत. निकेत परत पाटावर बसला. मी तिथंच, फाटक्या गुलाबी कापडाखाली, पेटीला पाठ लावून. मामा तेवढा दोनदा माझ्यासमोरून गेला आणि म्हणाला, "इंजिनेर बाई, झाला काय?" मी पाठ आणखी घट्ट टेकवली.

चाळीसएक मिनिटांनी बाहेर पोरं परत ओरडली, "लाईन आली!"

या वेळी आळीतले दिवे पांढरे, लख्ख होते. पण हे उतरले असतील का? का लोकांच्या घाईने फ्यूज वरूनच काशीनाथभाऊंकडे टाकले असतील? मांडवातली माणसं टाळ्या वाजवत होती, आणि इथं ओटीवरचा पंखा बंदच, कारण मेन माझ्या पाठीमागं खाली होता. मामा म्हणाला, "आता तरी सरक!" मी म्हटलं, "ते आल्याशिवाय नाही."

हे आले. शर्ट पाठीला चिकटलेला, एका गालाला खांबाचा गंज लागलेला. सगळ्यांनी वाट दिली. माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले आणि पहिल्यांदा माझी हळदीची साडी बघितली.

हळूच म्हणाले, "मी हातमोजा काढला होता गं. उजवा. म्हटलं, जाऊ दे, फ्यूज तर खिशात आहेत. हात पुढं केला होता. एवढं अंतर राहिलं होतं." त्यांनी एक वीत दाखवली. "तेवढ्यात पोरं ओरडली. लाईन आली म्हणून. माझा हात आपोआप मागं आला."

पोरांच्या त्याच ओरडण्याने गल्लीत माझे पाय थांबले होते.

म्हटलं, "पिशवी मी धुतली."

"मी बघून घ्यायला पाहिजे होती. चढायच्या आधी." मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ऊठ. मेन वर करू दे."

"काशीनाथभाऊ कुठायत?"

"पिलरचं दार लावून येतायत."

"खांबावर कोणी नाही?"

"कोणी नाही."

"साखळी काढली?"

यांनी पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. मामा हसायला लागला, "घ्या, ही तर याच्यापेक्षा भारी निघाली!" कोणी त्याला साथ दिली नाही. मी यांचे दोन्ही हात माझ्या हातात घेतले. तळवे उलटे केले, सुलटे केले, एकेक बोट चाचपून बघितलं. गरम होते, पूर्ण होते. मग मी पेटीसमोरून उठले.